बाहेर पडलेले दोनशे चौदा

३ मार्च, सोमवार

वही विकत घेतली त्याला अकरा दिवस झाले. रोज टेबलावर काढून ठेवतो आणि रोज तिच्यावर चहाचा कप ठेवतो. पुठ्ठ्यावर चार गोल डाग पडलेत. म्हणजे लिहिलं नाही तरी वापर चालू आहे.

आज बसलो, कारण आज एक गोष्ट लक्षात आली. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना मी "येतो" म्हणालो. आज सकाळी दारातून शिरताना "आलो" म्हणालो. मधे एक शब्द नाही. अडीच दिवस. दुपारी एकटाच असताना घसा खाकरून बघितला – चालू आहे.

तर नोकरी. चार वर्षांतली ही दहावी. आधी बोटीवर तिकिटं फाडली, महामार्गावर पांढरे पट्टे मारले, शीतगृहात सफरचंदांचे खोके मोजले, आणखी बरंच काय काय. पण खुर्ची असलेलं काम हे पहिलंच. खुर्चीला चाकं पण आहेत. पहिल्या दिवशी मी तिच्यावरून खिडकीपर्यंत गेलो तर समोरचा चष्मेवाला म्हणाला, "तिकीट काढलंस का?" चष्मेवाला म्हणजे आमचा हिशेबनीस. त्याच्याकडे दोन चष्मे आहेत. एक आकडे बघायला, दुसरा माझ्याकडे बघायला.

काम असं आहे. लोकांना दान करायचं असतं, पण कोणाला करावं ते कळत नाही. मग आमचं ऑफिस संस्थांचे कागद वाचतं आणि त्यांना तारे देतं, एक ते पाच. शाळा, दवाखाने, जखमी घोड्यांचा आसरा. (घोड्यांना तीन तारे. "घोडे धावतायत, हिशेब लंगडतोय," इति चष्मेवाला.)

आज मॅडमनी मला माझी पहिली स्वतंत्र फाइल दिली. विद्यापीठ! मी म्हटलं, विद्यापीठ काय धर्मादाय असतं? ते तर फी घेतं.

"फी घेतं, देणग्या पण घेतं. गेल्या वर्षी फीपेक्षा देणग्या जास्त आल्यात," मॅडम म्हणाल्या. "आणि तू तिथलाच ना? तुला आतली भाषा कळेल."

मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते आता आठवत नाही.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर वाचन. पाच वर्षांचे वार्षिक अहवाल, त्यांची उंची माझ्या कोपरापर्यंत.

बघायचं काय, ते मॅडमनी कागदावर लिहून दिलंय. आलेल्या शंभरातले किती खऱ्या कामावर जातात – शिकवणं, शिष्यवृत्त्या, प्रयोगशाळा. किती ऑफिसवर. किती नुसते आणखी देणग्या मागण्यावर. उद्या देणग्या थांबल्या तर संस्था किती महिने तग धरेल. विश्वस्तांमध्ये एकमेकांचे मेहुणे किती. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: हाती काय लागलं?

मला हे आवडतंय. एवढी मोठी इमारत, तिच्या घुमटाकडे बघताना मला मान दुखेपर्यंत वर बघावं लागायचं, आणि आता ती माझ्या टेबलावर आडवी पडली आहे. शंभरातले एकाहत्तर कामावर. अठरा ऑफिसवर. अकरा देणग्या मागण्यावर. घुमटाच्या रंगरंगोटीचा खर्च "शैक्षणिक" मध्ये टाकलाय. चष्मेवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. मुलं वर बघून शिकतात."

दुपारी फोन वाजला. मॅडम जेवायला गेल्या होत्या म्हणून मीच घेतला.

"काय हो, तपासून झालं का?"

हे लिफ्टवाले आजोबा. एक्केचाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. बायको गेली, मूलबाळ नाही. आता राहतं घर विकलंय आणि सगळी रक्कम विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीला द्यायची आहे. स्वतः भाड्याच्या खोलीत राहायला गेलेत. आमचा अहवाल आला की ते सही करणार. दर मंगळवारी फोन करतात, असं चष्मेवाला सांगत होता.

म्हटलं, आजच सुरुवात केली. ते म्हणाले, "सावकाश करा. दोर नीट बघा. केबिन छान दिसते हो सगळ्यांचीच. दोर बघायचा."

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी लिफ्टचा विचार करत बसलो. दोन मजल्यांमधे थांबलेली लिफ्ट कोणत्या मजल्याची म्हणायची?

६ मार्च, गुरुवार

काही नाही. खालच्या लॉन्ड्रीतली वाफ जिन्यातून वर येते आणि माझ्या खोलीतली भिंत ओली होते. इतर लोकांचे शर्ट माझ्यापेक्षा टापटीप आयुष्य जगतायत.

७ मार्च, शुक्रवार

विद्यापीठ चांगलं निघणार असं दिसतंय. सोळा महिन्यांची शिल्लक. लेखापरीक्षण वेळच्या वेळी. मेहुणे दोनच.

आणि निकाल तर जबरदस्त. एका तुकडीत शिष्यवृत्तीवर आलेली दोनशे पंचवीस मुलं, त्यातली दोनशे चौदा पूर्ण. शंभरात पंचाण्णव! आमच्या फॉर्मवर "शिक्षण पूर्ण केले" असा रकाना आहे, त्यात माझ्या आधीच्या माणसानं तीन वर्षं असेच आकडे भरलेत. मी पण भरला. मॅडम मागून येऊन बघून गेल्या. "पाच तारे होतील असं वाटतंय," म्हणाल्या. मला उगाचच अभिमान वाटला. जसं काही मीच शिकवलं सगळ्यांना.

निघताना "येतो" म्हणालो. बघू सोमवारपर्यंत कोणाशी बोलतो का.

९ मार्च, रविवार

बोललो. लॉन्ड्रीवाल्या काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. त्यांनी विचारलं, "कपडे नाही टाकत का रे कधी?" मी म्हटलं, "मी घरीच धुतो." त्या म्हणाल्या, "दिसतंय." एवढंच, पण बोलणं झालं.

मग फिरायला गेलो. नदीवरच्या पुलापर्यंत जायचं ठरवलं होतं, वाटेत काही माणसं दोरानं पियानो चौथ्या मजल्यावर चढवत होती तिथे दीड तास उभा राहिलो. पियानो गेला एकदाचा वर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळे आपापल्या माणसांबरोबर निघून गेले. मी पुलावर गेलोच नाही.

ताईचा फोन येईल असं वाटलं होतं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी करते ती. तिची दोन मुलं मागे ओरडत असतात आणि ती मला सांगते की बाबा कसे आहेत. बाबा फोनवर येत नाहीत. त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे आणि रविवारी पण उघडं असतं. ते म्हणतात, फोनवर बोलताना हात रिकामे राहतात.

आज नाही आला फोन. मुलं आजारी असतील.

११ मार्च, मंगळवार

आज आजोबा फोन न करता स्वतःच आले. मी त्यांना मोठे, भरदार समजत होतो – आवाजावरून. आहेत बारीक, वाकलेले. हातांची बोटं मात्र जाड. कोट घालून आले होते, कोटाला आतून ठिगळ होतं.

मॅडमनी ओळख करून दिली. "हाच तुमची फाइल बघतोय. तिथलाच आहे."

आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तिथलेच का तुम्ही? विद्यापीठातले?"

मी म्हणालो, "हो, तिथूनच बाहेर पडलो."

"शिष्यवृत्तीवर?"

"हो."

"मग मला आणखी काय तपासायचंय," ते मॅडमना म्हणाले. "हा काय, समोर उभा आहे माझा अहवाल. घरचं कोण आहे तुम्हाला? काय करतात वडील?" मी सांगितलं. त्यावर त्यांचे डोळे भरून आले. "मशीन दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. आणि मी लिफ्ट दुरुस्त करणारा. बघा."

मी खोटं बोललो नाही. एकही शब्द खोटा नाही.

संध्याकाळी घरी येताना दोन थांबे आधीच उतरलो आणि चालत आलो. का, ते माहीत नाही.

१२ मार्च, बुधवार

सापडलं. नको होतं सापडायला.

विद्यापीठ देणगीदारांसाठी एक गुळगुळीत पुस्तिका काढतं. फोटो, घुमट, हसणारी मुलं. त्यात शेवटी बारीक अक्षरांत यादी असते: "या तुकडीतून बाहेर पडलेले शिष्यवृत्तीधारक". मी नुसता वेळ काढायला चाळत होतो. ओळखीची नावं दिसतायत का बघू म्हणून. तुकडी माझीच होती.

क्रमांक एकशे त्रेचाळीस. मी.

माझं पूर्ण नाव. बाबांच्या नावासकट. छापलेलं.

आधी छातीत काहीतरी गरम झालं – आनंद म्हणतात त्याच्या जवळचं काहीतरी. मग कळलं. मी दुसऱ्या वर्षाला निघून गेलो. मी कुठलीही पदवी घेतलेली नाही. मी बाहेर पडलेलो आहे, तेवढंच खरं आहे.

पदवीदानाच्या कार्यक्रमाची यादी वेगळ्या पुस्तकात असते. ती काढली. त्या तुकडीतली शिष्यवृत्तीवाली नावं मोजली. दोनदा मोजली, मग पेन्सिलनं खुणा करत तिसऱ्यांदा. एकशे सत्तावीस.

दोनशे चौदा बाहेर पडले. एकशे सत्तावीस शिकून. सत्त्याऐंशी नुसतेच.

शंभरात पंचाण्णव नाहीत. शंभरात छप्पन्न. आणि आमच्या फॉर्मवर तीन वर्षं "पूर्ण केले".

१३ मार्च, गुरुवार

विद्यापीठात फोन लावला. तिथल्या हिशेब खात्यातल्या बाई. आवाज झोपाळू, पण माणूस बरं वाटलं.

म्हटलं, तुमच्या अहवालात "बाहेर पडले" म्हणजे नक्की काय?

"बाहेर पडले म्हणजे बाहेर पडले."

"पास होऊन की सोडून?"

"अहो, वसतिगृहाचं रजिस्टर असतं. खोली सोडली, किल्ली जमा केली, नावावर रेघ मारली, की बाहेर पडला. आम्ही रेघा मोजतो."

"पण देणगीदाराला वाटतं की सगळे शिकून बाहेर पडले."

"तसं कुठे लिहिलंय आम्ही?" त्या म्हणाल्या. अजिबात चिडल्या नव्हत्या. "तुम्हीच तसं वाचलंत."

खरं आहे. फसवणूक वगैरे काही नाही. एक रजिस्टर, एक रेघ, एक शब्द. आणि आमच्या ऑफिसात बसलेला एक माणूस, ज्यानं कधी विचारलंच नाही. गेला आठवडाभर तो माणूस मीच आहे.

चष्मेवाल्याला सांगायला तोंड उघडलं. तो उकडलेलं अंडं सोलत होता. "काय?" म्हणाला. मी म्हटलं, "मीठ आहे का?"

१४ मार्च, शुक्रवार

येतो म्हणालो.

१६ मार्च, रविवार

पाऊण दिवस बिछान्यात. छताला एक डाग आहे तो कालपर्यंत बदक होता, आज बूट वाटतोय.

लिहूनच टाकतो. मी विद्यापीठ का सोडलं याचं कारण नाही. लोकांना कारण हवं असतं – आजारपण, प्रेमभंग, कोणीतरी अपमान केला. असलं काही नाही. परीक्षेच्या फॉर्मची रांग होती. दोन तास उभा होतो. रांग हलत नव्हती. पाणी प्यायला म्हणून बाजूला झालो. नळ इमारतीच्या मागे होता, तिथून मागचं फाटक दिसत होतं, फाटकासमोर एक रिकामी बस उभी होती. मला फक्त ती कुठे जाते ते बघायचं होतं.

किल्ली महिन्यानं पोस्टानं पाठवली. तेव्हा रेघ मारली असणार.

बाबांना चिठ्ठी लिहिली होती तेव्हा. शब्द अजून पाठ आहेत. "विद्यापीठातून बाहेर पडलो. बोटीवर काम लागलं आहे. काळजी नसावी." बाबांना वाटलं अभ्यासक्रम आटोपला असेल; त्यांना वर्षं कुठे मोजता येतात त्यातली. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं म्हणे. ताईला कळलं होतं. ती म्हणाली, "तूच सांग त्यांना, मी नाही सांगणार." त्याला आता चार वर्षं होतील. मी एकदाही घरी गेलो नाही. सणासमारंभाला पैसे पाठवतो. पैसे पाठवणं सोपं.

मग मॅडमना मुलाखतीत म्हणालो. मग आजोबांना. तीन वेळा तोच शब्द. विद्यापीठाला नावं ठेवायला मला तोंड आहे का?

आणि मॅडमना सांगायचं तर कसं? "दोनशे चौदातले सत्त्याऐंशी शिकले नाहीत." "तुला कसं कळलं?" "त्यातला एक मी."

१८ मार्च, मंगळवार

आजोबांचा फोन. "शुक्रवारी सही करतोय. वकील येतोय. अहवाल आला नाही तरी करतो म्हटलं, तुझ्यावर विश्वास आहे."

आता "तू" म्हणतात मला.

मी म्हटलं, "आजोबा, अहवाल येईपर्यंत थांबा ना."

"का रे? काही सापडलं?"

खोलीत सगळे होते. मॅडम फोनवर, चष्मेवाला समोर. मी म्हणालो, "नाही. नियम असतो तसा."

"नियम तुमच्यासाठी. मी ब्याऐंशीचा आहे," म्हणाले आणि हसले. त्यांच्या मागे कुठेतरी स्टोव्ह चालल्याचा आवाज येत होता. भाड्याची खोली. घर विकलेला माणूस.

नाही सांगितलं. कागदावर आडव्या रेघा मारत बसलो. किती मारल्या मोजल्या नाहीत.

२० मार्च, गुरुवार

सांगितलं.

सकाळी मॅडम यायच्या आधी त्यांच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. आधी यादी ठेवली, मग दुसरी यादी, मग आमचा फॉर्म. एकशे त्रेचाळीस क्रमांकाभोवती पेन्सिलनं गोल केला होता.

त्यांनी कोटही न काढता वाचलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "हे नाव तुझं आहे."

"हो."

"तू पदवीधर नाहीस."

"मी म्हणालो होतो की बाहेर पडलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांवर हात ठेवला. "मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासते. तुझा एक कागद मागितला नाही. चांगला वाटलास."

मग सटासट. आजोबांना ताबडतोब फोन करायचा – "तू कर. तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना." तीन वर्षांचे तारे आजपासून मागे. विद्यापीठाला पत्र: त्या सत्त्याऐंशी जणांची खातरजमा करून लेखी कळवा. आणि फाइल माझ्याकडून काढून चष्मेवाल्याकडे. "तिथलाच माणूस तिथली फाइल, ही चूक माझी. पण तू आत्ता घरी जा. मी बोलावेन तेव्हा ये. बोलावेन की नाही ते मला आज माहीत नाही."

चष्मेवाला दारात उभा होता. मी खुर्ची सरकवून ठेवली. तो म्हणाला, "मीठ हवं होतं म्हणालास त्या दिवशी." मग जिन्यापर्यंत आला.

२१ मार्च, शुक्रवार

काल फोन करवला नाही. आज सकाळी आठला केला, वकील यायच्या आधी. भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि पाठ ओली झाली.

सगळं सांगितलं.

आजोबा म्हणाले, "लिफ्टमधे अडकलेला माणूस पण बाहेर पडतोच. आम्ही हातानं चाक फिरवून काढायचो. पण कुठल्या मजल्यावर काढला, ते लिहावं लागायचं वहीत. दोन मजल्यांच्या मधे काढला असेल तर तसं."

"हो आजोबा."

"मंगळवारी का नाही सांगितलंस?"

मी भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिलो. मग म्हणाले, "वकिलाला परत पाठवतो आता. त्याला येण्याचे पैसे द्यावे लागतील. ते तुझ्या डोक्यावर," आणि फोन ठेवला. शेवटचं वाक्य थट्टेनं की रागानं, ते तेव्हापासून ठरवतोय.

२४ मार्च, सोमवार

घरी. घरी म्हणजे खोलीवर. गेल्या वेळेसारखं मोजायचं नाही असं ठरवलं होतं – किती वेळ बोललो नाही ते. पण ती सवय लागली आहे.

एखादी बस बघावी असं वाटतंय. या वेळी मला माहीत आहे की ते वाटणं कसं असतं: आधी पाणी प्यावंसं वाटतं. दोन ग्लास पाणी पिऊन बसून राहिलो.

२५ मार्च, मंगळवार

चष्मेवाल्याचा फोन आला! मला नंबर माहीत नव्हता म्हणून उचलणार नव्हतो.

"तुझ्या विद्यापीठाचं उत्तर आलं," म्हणाला. "तिथल्या हिशेबवाल्या बाई म्हणतात, काही जण पास झाले असतील पण पदवी घ्यायला आले नसतील. त्यामुळे सत्त्याऐंशी जणांना एकेक फॉर्म पाठवलाय. शिक्षण पूर्ण केले, मध्येच सोडले, परत यायची इच्छा आहे – यातलं एक लिहून सही करून पाठवायचं. बाई कामाच्या निघाल्या. शुक्रवारीच पोस्टात टाकले."

"बरं झालं."

"आजोबा थांबतो म्हणालेत. खरा आकडा येईपर्यंत. छप्पन्न का असेना, पण खरा हवा म्हणाले. तू बरा आहेस का विचारत होते."

"मॅडम?"

"मॅडम आम्हा सगळ्यांची प्रमाणपत्रं मागतायत. माझं सापडत नाहीये. उंदरांनी खाल्लं असं सांगणार आहे." मग जरा थांबून, "जेवतोस ना?"

फोन ठेवला आणि किटली ठेवली आणि मग एकदम डोक्यात आलं. फॉर्म कुठे पाठवले असतील? रजिस्टरवर जो पत्ता आहे तिथे. माझा पत्ता मी प्रवेशाच्या दिवशी लिहिला होता. बाबा शेजारी उभे होते, त्यांनीच सांगितला – दुकानाचा.

२७ मार्च, गुरुवार

ताईला पाच वेळा फोन. उचलत नाही. सहाव्यांदा तिच्या लहान्यानं उचलला, "आई आंघोळ करते" म्हणाला आणि ठेवून दिला. परत लावला नाही.

३० मार्च, रविवार

ताईचा फोन. या वेळी मागे मुलं ओरडत नव्हती. बाहेर पायरीवर येऊन बोलत होती.

"आलं होतं पत्र. बुधवारी."

"मग?"

"मग काय. बाबांनीच फोडलं. मी तिथेच होते, डबा द्यायला गेले होते. दोनदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मला विचारलं, तुला माहीत होतं का?"

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. काय म्हणणार?" ती रडत होती का सर्दी होती कळेना. "त्यांनी घडी करून खिशात ठेवलं आणि समोरच्या बाईंचं मशीन दुरुस्त केलं. पूर्ण केलं. तेल घालून, चालवून दाखवून. मग म्हणाले, आज लवकर बंद करतो. चार दिवस झाले, त्यावर एक अक्षर नाही. तू फोन कर त्यांना."

"उचलतील?"

"मला काय विचारतोस? मी काय तुमची टेलिफोन कंपनी आहे?"

करीन म्हणालो. नंबर काढून समोर ठेवला. दुकानाचा. मग खिडकी पुसली. मग बूट पुसले. मग सहा वाजले आणि वाटलं, आता दुकान बंद झालं असेल. ते बंद करत नाहीत हे मला माहीत आहे.

१ एप्रिल, मंगळवार

लॉन्ड्रीवाल्या काकू वर आल्या होत्या. कधी येत नाहीत. म्हणाल्या, खाली तुझ्याकडे कुणी आलंय, पहाटेच्या गाडीनं, बसा म्हटलं तर बसत नाहीत.

जिन्यावरून वाकून बघितलं. बाबा. इस्त्री केलेल्या शर्टांच्या दांडीखाली उभे आहेत, काकूंच्या शिलाई मशीनकडे बघत. डोक्यावरचे केस सगळे गेलेत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दोन मिनिटांत येतो म्हणून खाली निरोप दिला आणि हे लिहीत बसलोय. काय काम आहे म्हणून काकूंनी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "त्याचा एक फॉर्म आलाय. मला भरता येईना, म्हणून आलो."